यक्षिणी का रडली? : सूडकथा, भयकथा आणि अन्नाचा प्रश्न

गेल्या वर्षावासाच्या काळात एका तरुण उपासकाने आपल्या कथेचे हस्तलिखित आमच्याकडे वाचावयास दिले. कथा भुताची होती. गायरानाच्या वादातून एका भूमिहीन मजुराचा खून होतो, प्रेत पडक्या विहिरीत टाकले जाते, पोलीस पंचनाम्यात ‘पाय घसरून मृत्यू’ असे लिहितात. पुढे तो मजूर खवीस होऊन परततो आणि पाटलाच्या घरातील एकेकाचा बळी घेत जातो. शेवटचा बळी पाळण्यातील नातवाचा. तिथे कथा संपते. हस्तलिखित परत करताना त्या तरुणाने दोन प्रश्न विचारले. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातील माणसाने भुताची कथा लिहिणे धम्माशी विसंगत ठरते काय? आणि आपल्या माणसावर झालेल्या अन्यायाचा सूड निदान कथेत तरी का घेऊ नये?

हे दोन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत. ‘भूत ही अंधश्रद्धा आहे, म्हणून भूतकथा त्याज्य आहे’ असे सांगून ते निकालात काढता येत नाहीत. पाळण्यातील मुलाच्या मृत्यूपर्यंत आम्हीही त्या खवीसाच्या बाजूने उभे होतो, हे मान्य केले पाहिजे. त्यापुढे मात्र मनात काहीतरी अडले. ते काय अडले, याचा शोध घेण्यासाठी प्रस्तुत लेख आहे.

भुताला जात असते

प्रथम पहिला प्रश्न. कथेत भूत असणे आणि लेखकाने भूत मानणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. जातककथांत माकडे बोलतात, हत्ती विचार करतात. त्यामुळे त्या वाचणारा माकडे बोलतात असे मानू लागत नाही. तेव्हा भूत आहे की नाही यापेक्षा वेगळाच प्रश्न समीक्षेला विचारावा लागतो. कथेतील भूत कोठून आले, ते कोणाच्या अंगावर जाते आणि कथा त्याचा निकाल कसा लावते?

या दृष्टीने आपल्या मुलखातील भुतांच्या लोकसमजुती तपासल्या, तर एक गोष्ट चटकन निदर्शनास येते. मेल्यानंतरही माणसाची जात सुटत नाही. मुंज झाली पण सोडमुंज झाली नाही असा ब्राह्मण मुलगा मेला, तर तो मुंजा. समंध आणि ब्रह्मराक्षस हेही ब्राह्मणाचेच. कोकणात देवचार शूद्राचा मानतात. खवीस काही भागांत महार-मांगांचा, तर काही भागांत मुसलमानाचा समजला जातो. बाळंतपणात मेलेली स्त्री जखीण किंवा अलवंतीण होते. म्हणजे गावगाड्याची जी उतरंड दिवसा दिसते, तीच रात्री झाडाझाडांवर बसलेली असते. मुंज्याला पिंपळ मिळतो, पार मिळतो. इतरांना ओढा, पाणवठा, शीव आणि स्मशान. ज्या पिंपळाखाली सिद्धार्थ गौतमाला बोधी प्राप्त झाली, त्याच पिंपळाकडे पाहून खेड्यातील मुले संध्याकाळी घाबरून पळतात, यापेक्षा मोठा सांस्कृतिक उलटफेर कोणता असू शकेल?

या व्यवस्थेमागे अर्थकारणही आहे. ज्याचे क्रियाकर्म नीट झाले नाही, ज्याची इच्छा अपुरी राहिली, तो भूत होतो, असा समज आहे. मग क्रियाकर्म करणारा आला, त्याची दक्षिणा आली, उतारा आला, मांत्रिक आला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या अनुयायांकडून ज्या प्रतिज्ञा वदवून घेतल्या, त्यांत श्राद्ध-पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. तिचा आशय केवळ विधिनिषेधाचा नाही. मृताच्या भयावर चालणारी ही सगळी बाजारपेठ त्या एका प्रतिज्ञेने बंद होते. कायद्याला तेथवर पोहोचण्यास बराच काळ लागला. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली आणि त्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्रात तो कायदा अस्तित्वात आला.

राक्षस कोणाला म्हणावे?

भुतानंतर राक्षस. या शब्दाची पहिली कठोर चिकित्सा मराठीत महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’त (१८७३) केली. पुराणांतील राक्षस म्हणजे या भूमीचे रक्षण करणारे मूळचे लोक, पराभवानंतर विजेत्यांनी त्यांना विद्रूप केले, असे त्यांचे प्रतिपादन आहे. बळीराजा, खंडोबा, म्हसोबा यांना त्यांनी जिवंत इतिहासातील माणसे म्हणून उभे केले. त्यांच्या व्युत्पत्ती आजच्या भाषाशास्त्राला मान्य होतील असे नाही. परंतु वाङ्मयसमीक्षेच्या दृष्टीने त्यांनी विचारलेला प्रश्न अजून शिळा झालेला नाही. कथेत ज्याला शिंगे आणि सुळे लावले आहेत, त्याची बाजू सांगणारा कोणी उरला होता काय?

मराठी भयकथेने हा प्रश्न अर्धवटच विचारला आहे. नारायण धारप (१९२५–२००८) यांनी मराठीत भयकथेला मोठा वाचकवर्ग मिळवून दिला, हे नाकारता येणार नाही. स्टीफन किंगसारख्या अमेरिकन लेखकाच्या कथावस्तू त्यांनी मराठी वाडे, गावे आणि नातेसंबंध यांत रुजवल्या. ‘लुचाई’ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी गूढकथेला माणसाच्या मनातील अंधाराकडे वळवले, ही त्यांची मोठी कामगिरी आहे. परंतु या प्रवाहातील सर्वसाधारण कथेचा साचा पाहिला, तर तो बहुधा असा असतो. एक वाडा असतो. वाड्यात पूर्वी काहीतरी अत्याचार झालेला असतो. त्या अत्याचाराला बळी पडलेली व्यक्ती, पुष्कळदा एखादी मोलकरीण, विधवा किंवा कूळ, अमानुष रूप घेऊन परतते. मग कोणी ज्ञानी, सत्त्वशील पुरुष येतो आणि तिचा बंदोबस्त करतो. धारपांच्या ‘समर्थ’ मालिकेतील नायक हा अशा सत्शक्तीचा ठळक प्रतिनिधी आहे.

या साच्यात अन्यायाची कबुली आहे. ती भयकथेची जमेची बाजू समजली पाहिजे. वाड्याच्या भिंतीत काहीतरी पुरलेले आहे, हे ती सांगते. परंतु बंदोबस्त होताच वाडा पुन्हा मालकाच्या ताब्यात जातो. वाचक सुटकेचा श्वास सोडतो. जिच्यावर अत्याचार झाला ती दुसऱ्यांदा पुरली जाते, आणि या वेळी वाचकाच्या संमतीने. आमच्या तरुण लेखकाने या साच्याविरुद्ध बंड केले. त्याच्या कथेत मांत्रिक येतो आणि हरतो; खवीस जिंकतो. हे बंड समजण्यासारखे आहे. तथापि साचा उलटा केल्याने तो मोडतो असे नाही. बंदोबस्त किंवा संहार एवढे दोनच शेवट त्यात संभवतात. तिसरा शेवट आहे काय?

काळी यक्षिणी

तो तिसरा शेवट बौद्ध वाङ्मयात फार पूर्वी लिहिला गेलेला आहे. धम्मपदाच्या यमकवग्गातील पाचव्या गाथेचा आशय आपल्या सर्व उपासक-उपासिकांना परिचित आहे. वैराला वैराचे उत्तर दिल्याने वैर शमत नाही, असा तो आशय. ती गाथा कोणत्या प्रसंगी उच्चारली गेली याची कथा धम्मपद-अट्ठकथेत आहे. ही अट्ठकथा परंपरेने आचार्य बुद्धघोषांच्या नावावर आहे. कथा पूर्णपणे राक्षसी सूडाची आहे, आणि आजच्या कोणत्याही भयकथेइतकी भीषण आहे.

एका घरात सून वांझ असते. सासू मुलासाठी दुसरी बायको आणण्याचा आग्रह धरते. आपल्यावर कोणीतरी लादली जाण्यापेक्षा आपणच निवडावी, म्हणून वांझ स्त्री स्वतः एक मुलगी पाहून आणते. मग तिच्या मनात भय शिरते. हिला मुलगा झाला, तर घरादाराची मालकीण हीच होईल. ती सवतीला औषध घालून दोनदा तिचा गर्भ पाडते. तिसऱ्या वेळी सवत गर्भ लपवते. औषध उशिरा घातले जाते आणि गर्भासह तीही मरते. मरताना ती निश्चय करते की, पुढे यक्षिणी होऊन हिची मुले खाईन. घडलेला प्रकार कळताच नवरा वांझ स्त्रीला मारहाण करतो आणि तीही मरते. मग एक कोंबडी होते, दुसरी मांजर. मांजर अंडी खाते. मग एक बिबट्याची मादी, दुसरी हरिणी. बिबटी पाडसे खाते. शेवटी एक श्रावस्तीतील कुलीन घरातील मुलगी होते, दुसरी काळी यक्षिणी. यक्षिणी तिची दोन मुले खाते. तिसरे मूल छातीशी धरून ती आई धावत जेतवनात येते आणि ते मूल तथागतांच्या पायांशी ठेवते. यक्षिणी विहाराच्या दाराशी अडवली जाते.

येथवरची कथा कोणताही भयकथाकार लिहू शकेल. पुढचे तीन प्रसंग मात्र विचार करायला लावणारे आहेत. पहिला प्रसंग असा की, तथागत यक्षिणीला आत बोलावतात. तिला हाकलण्यासाठी मंत्र म्हटला जात नाही, सीमा आखली जात नाही. आनंद तिला निमंत्रण घेऊन जातो. तिच्यासमोर दोघींच्या वैराची संपूर्ण हकिगत मांडली जाते, आणि त्या हकिगतीत आधी कोणी कोणाचा घात केला हेही येते. दुसरा प्रसंग असा की, तथागत त्या आईला सांगतात, तुझे मूल हिच्या हाती दे. आई म्हणते, मला भीती वाटते. तरीही ती देते. यक्षिणी त्या मुलाला कवटाळते, त्याचा मुका घेते आणि आईला परत देते.

तिसरा प्रसंग सर्वात महत्त्वाचा. मूल परत दिल्यावर यक्षिणी रडू लागते. का रडतेस, असे विचारल्यावर ती सांगते की, आजवर वाटेल ते करून जगत होते, तरी पोटभर मिळत नव्हते. आता मी जगायचे कसे? तेव्हा तथागत त्या आईला सांगतात की, हिला घरी ने आणि चांगली पेज, भात खाऊ घाल.

वैर संपले, धम्माचा बोध झाला, तरी कथा तिथे थांबत नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. सामान्य नीतिकथा गाथेपाशी थांबली असती. ही कथा उपाशी यक्षिणीच्या रडण्यापाशी थांबून पुढचा प्रश्न विचारते. सूड सोडणाऱ्याने उद्या खायचे काय? अवैर म्हणजे सूड घेणाऱ्याला दिलेला केवळ शांतीचा उपदेश नव्हे. त्याच्या भाकरीची जबाबदारी समोरच्या पक्षाने उचलणे हा त्याचा अविभाज्य भाग होय. आपल्या देशात दुबळ्यांना क्षमा शिकवणारे पुष्कळ झाले. क्षमा केल्यावर त्यांच्या घरी चूल कशी पेटेल, हे विचारणारे थोडे. ही अट्ठकथा तो प्रश्न विचारते, म्हणून ती आपली आहे.

कथेतील उणिवाही पाहिल्या पाहिजेत

परंतु ग्रंथ आपला आहे म्हणून त्याची चिकित्सा करू नये, ही आपली रीत नाही. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ सिद्ध करताना परंपरेतील किती तरी गोष्टी बुद्धीच्या कसोटीवर घासून बाजूला ठेवल्या. माराला त्यांनी दुष्ट विचार आणि विकार यांचे नाव मानले; गतजन्मीच्या कर्माचे फळ या जन्मी भोगावे लागते, ही कल्पना त्यांनी अमान्य केली. त्या कसोटीवर काळी यक्षिणीची कथाही तपासली पाहिजे.

पहिली गोष्ट जन्मांच्या साखळीची. ती शब्दशः घेतली, तर आजचे दुःख मागच्या पापाचे फळ ठरते, आणि हेच तत्त्व आपल्याला हजारो वर्षे ऐकवले गेले. परंतु ही साखळी एका घरात पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या वैराचे रूपक म्हणून वाचली, तर तिचे मूळ कथेतच स्पष्ट दिसते. ते मूळ वारसाच्या हव्यासात आणि मालमत्तेत आहे. वांझ स्त्रीला घरात स्थान नाही, पुत्रवतीला सर्व स्थान, असा नियम ज्या घराने केला, त्या घराने दोन स्त्रियांना एकमेकींच्या वैरिणी बनवले. सासू आणि नवरा मात्र जन्मांच्या चक्रात कोठेच येत नाहीत. सूड फिरतो तो या दोघींमध्येच. सूडाची ही अंगभूत मर्यादा आहे; तो जवळच्याला गाठतो आणि व्यवस्थेला सोडून देतो.

दुसरी गोष्ट अधिक टोचणारी. यक्षिणीला घरी नेल्यावर तिला कोठे ठेवावे हा प्रश्न येतो. प्रथम कांडणाच्या जागी ठेवतात, तर मुसळ डोक्यावर पडल्यासारखे वाटते असे ती म्हणते. मग घरातल्या-परसातल्या आणखी काही जागा होतात, उकिरडा होतो, गावाची वेस होते. प्रत्येक जागी तिला त्रास होतो. शेवटी तिला गावाबाहेर शांत जागी ठेवतात आणि तिथे अन्न नेऊन देतात. ‘गावाबाहेर’ हा शब्द आला की आपला वाचक थबकतो, आणि त्याने थबकलेच पाहिजे. बाबासाहेबांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात गावकुसाबाहेरील वस्तीचा उगम शोधला. आपल्या माणसांची वस्ती मुळातच गावाबाहेर का, आणि तिथे शिळे अन्न का पोहोचते, हा प्रश्न आपल्याला कथेतला नाही, जगण्यातला आहे.

तथापि एक फरक नोंदवणे न्यायाचे होईल. येथे जागा यक्षिणीच्या तक्रारीवरून बदलते. तिला त्रास होतो असे ती बोलते आणि ते ऐकले जाते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती केवळ अन्न घेणारी राहत नाही. यंदा पाऊस फार आहे, उंच जमिनीत पेरा. यंदा अवर्षण आहे, सखल जमिनीत पेरा, असे ती आपल्या मैत्रिणीला सांगते. तिचे पीक बुडत नाही, करपत नाही, हे पाहून सारे गाव तिच्याकडे सल्ल्यासाठी येते. जी मुले खात होती ती शेतीची जाणकार होते. भिक्षेपासून ज्ञानाच्या मोबदल्यापर्यंतचा हा प्रवास कथेने दाखवला आहे. तो पूर्ण झाला असता, तर जाणकार म्हणून तिला गावात घर मिळाले असते. त्या काळच्या कथाकाराला ते सुचले नाही. आजच्या लेखकाला ते सुचले पाहिजे.

हारितीच्या कथेतही हाच धागा आहे. राजगृहातील मुले खाणारी ही यक्षिणी. मूलसर्वास्तिवादी विनयातील कथेप्रमाणे पूर्वजन्मी ती एका गवळ्याची गर्भवती स्त्री होती. उत्सवात तिला नाचावयास लावले गेले, तिचा गर्भ गळला, आणि त्या नगराचा सूड घेण्याचा तिने निश्चय केला. तिचे धाकटे मूल भिक्षापात्राखाली लपवून तथागत तिला इतर मातांच्या दुःखाची जाणीव करून देतात. मग तिचाही प्रश्न तोच, आता खाऊ काय? विहारात तिच्यासाठी रोज अन्न ठेवले जाईल, असे वचन तिला मिळते. विहारांतून हारितीपुढे अन्न ठेवण्याची प्रथा सातव्या शतकात चिनी यात्री इत्सिंग याने नोंदवली आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात हारिती आणि पांचिक यांचे स्वतंत्र दालन आहे. तेथे ती मुलांच्या सहवासात शांत बसलेली दिसते. अजिंठ्याला जाणाऱ्या आपल्या सहलींनी त्या दालनापुढे क्षणभर थांबावे. राक्षशिणीला माणसात आणणारी शिल्पे जगात फार नाहीत.

भुकेल्या राक्षसाची लूट

या पार्श्वभूमीवर अलीकडच्या काळातील एका कलाकृतीचा विचार उद्बोधक ठरेल. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला. त्याची भूमी कोकणातली, काळ १९१८ ते १९४७, आणि कुटुंब मराठी ब्राह्मणाचे. त्यातील राक्षस हस्तर हा समृद्धीच्या देवीचा पहिला पुत्र. त्याला सोने मिळाले, परंतु धान्याला हात घालताच इतर देवांनी त्याच्यावर हल्ला केला. तेव्हापासून तो सोन्याने भरलेला आणि अन्नाला पारखा आहे. कथानायक विनायक कणकेच्या बाहुलीचे आमिष दाखवतो आणि भुकेला हस्तर ती खात असताना त्याच्या लंगोटातील नाणी ओढून घेतो. हा धंदा तो मुलालाही शिकवतो.

चित्रपटाचे तंत्र, पावसाचे वातावरण, लोभाची चिकित्सा यांची प्रशंसा पुष्कळ झाली आहे आणि ती योग्य आहे. आम्हाला त्यात दुसरे काही दिसले. काळी यक्षिणीच्या कथेत भूक हा राक्षसाचा न्याय्य दावा आहे. ‘तुंबाड’मध्ये भूक हे राक्षसाचे दुबळे अंग आहे, आणि त्यावर एका कुलीन घराची श्रीमंती उभी आहे. उपाशी ठेवलेल्याला चिमूटभर पीठ दाखवून त्याच्याजवळचे सोने काढून घेणे, हे चित्र पाहताना वेठबिगारी, खोती आणि सावकारी आठवल्याशिवाय राहत नाही. दिग्दर्शकाला हे अभिप्रेत होते की नाही, हा वेगळा प्रश्न. कलाकृतीने दाखवले आहे ते पुरेसे आहे. मात्र चित्रपटात एकही पात्र असा प्रश्न विचारत नाही की, याला एकदाचे पोटभर जेवण का देऊ नये? शापाची भीती सर्वांना आहे. भुकेची दया कोणालाच नाही. म्हणून त्याचा शेवट होरपळण्यातच होतो.

भुताशिवायची भयकथा

आणि आता आपल्या स्वतःच्या परंपरेकडे. ‘भूतकथा लिहावी काय?’ या प्रश्नाचे एक उत्तर अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९) यांनी ‘स्मशानातील सोनं’ या कथेत देऊन ठेवले आहे. वारणाकाठचा भीमा पोटासाठी मुंबईला येतो, खाणीत दगड फोडतो. खाण बंद पडते. एके दिवशी चितेच्या राखेत त्याला सोने सापडते, आणि मग तो रात्री स्मशाने धुंडाळू लागतो, पुरलेली प्रेते उकरू लागतो. शेवटच्या रात्री प्रेतावर टपलेल्या कोल्ह्यांशी त्याची झुंज होते. प्रेताच्या तोंडातील सोने काढताना त्याची बोटे जबड्यात अडकतात. बोटे जातात, आणि त्याच वेळी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. डोंगर फोडणारा तो माणूस लहान मुलासारखा रडतो.

स्मशान, मध्यरात्र, कोल्हे, आवळला गेलेला जबडा. भयकथेचे सारे साहित्य येथे आहे. भूत मात्र नाही. प्रेत भीमावर सूड घेते असे अंधश्रद्ध वाचकाला वाटावे, इतके ते दृश्य भयंकर आहे; लेखकाने त्याला तसे वाटू दिले आहे, पण एका शब्दानेही पुष्टी दिलेली नाही. भीमाला भुताचे भय नाही, त्याला भुकेचे भय आहे. आणि पाहा, येथेही शेवट रडण्यातच होतो. यक्षिणी रडली, आता खाऊ काय म्हणून. भीमा रडला, ज्या बोटांनी खायचे ती गेली म्हणून. दोन्ही कथांमध्ये दीड हजार वर्षांचे अंतर असावे; प्रश्न एकच आहे. ‘फकिरा’ (१९५९) या कादंबरीत अण्णा भाऊंनी भुकेल्यांसाठी धान्य लुटणारा नायक उभा केला. सत्तेच्या दप्तरी तो दरोडेखोर. फुल्यांनी राक्षसाचा जो अर्थ लावला, तो या नायकाला तंतोतंत लागू पडतो.

मारण्याची इच्छा आणि न्यायाची गरज

आता दुसरा प्रश्न. कथेत तरी सूड का घेऊ नये? अवैराचा उपदेश म्हणजे अन्याय मुकाट सोसणे, असा अर्थ बाबासाहेबांनी कधीच मान्य केला नाही. अहिंसेची चर्चा करताना त्यांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत स्पष्ट भेद केला आहे. न्यायासाठी बळ वापरावे लागू शकते. परंतु मारण्यातच ज्याला समाधान आहे, त्याची वाट वेगळी. अंगुलिमाल संघात आला, तरी पूर्वी ज्यांची माणसे त्याने मारली त्यांच्या गावात भिक्षेला गेल्यावर त्याच्यावर दगड पडले, डोके फुटले, पात्र फुटले. तथागतांनी त्याला ते सोसावयास सांगितले. म्हणजे गुन्हा पुसला जात नाही. मात्र त्याची किंमत गुन्हेगाराने मोजावी, त्याच्या पाळण्यातील मुलाने नव्हे.

न्याय आणि सूड यांतील हा फरक आपल्या कायद्यातही उमटला आहे. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. तो गुन्हेगाराला शिक्षा सांगतो. त्याखालील १९९५ चे नियम पीडिताला आर्थिक साहाय्य, निवारा आणि पुनर्वसन सांगतात. शिक्षा आणि पुनर्वसन ही न्यायाची दोन चाके आहेत. सूडकथेला पहिलेच चाक दिसते, आणि तेही ती भलत्याच्या अंगावरून नेते. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजी येथे जे घडले, त्यापुढे कोणत्याही लेखकाने रचलेला राक्षस फिका पडेल. ते करणारे राक्षस नव्हते, त्याच गावातील शेजारी होते. अशा समाजात राक्षसाची कथा लिहिणाऱ्यावर जबाबदारी मोठी आहे. क्रौर्य अमानुष शक्तीच्या माथी मारले, की माणूस निर्दोष सुटतो.

म्हणून त्या तरुण लेखकाला आम्ही असे सुचवले. भूत अवश्य लिहा; आपल्या वाङ्मयात यक्ष आणि यक्षिणींना मज्जाव नाही. मात्र चार गोष्टी पाहा. ज्याला भूत केले त्याची हकिगत कथेत कोणी पूर्णपणे ऐकून घेतो काय? त्याचा रोष खऱ्या अपराध्यापर्यंत पोहोचतो, की जवळच्या निरपराधावर कोसळतो? कथेच्या शेवटी वाडा, जमीन, विहीर कोणाच्या ताब्यात राहते? आणि सूड संपल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाच्या घरी चूल पेटते?

हस्तलिखित पुन्हा चाळले तेव्हा चौथ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्याच पानावर सापडले. त्या मजुराला पत्नी आहे. विहिरीच्या काठावर उभी राहून ती आत पाहते, असे एक वाक्य आहे. त्यानंतर संपूर्ण कथेत ती पुन्हा येत नाही. नवरा खवीस होऊन तीन पिढ्या संपवत असताना ती कोठे होती, काय खात होती, गायरानाच्या त्या तुकड्याचे पुढे काय झाले, याविषयी कथा मूक आहे. ‘तिच्याविषयी सुचलेच नाही,’ असे तो तरुण खाली मान घालून म्हणाला. ही कबुली एकट्या त्याची नाही. भयकथेच्या संपूर्ण परंपरेची ती कबुली आहे. राक्षस रचताना सर्वांना सुचते. त्याच्या मागे राहिलेली उपाशी माणसे सुचत नाहीत.

त्याने हस्तलिखित परत नेले आहे. कथेचा शेवट त्याने त्या विहिरीच्या काठावरून पुन्हा सुरू करावा, अशी आमची अपेक्षा आहे.